नम्रताने सांगितलेली तारीख

दिवाळीची झाडलोट आमच्याकडे भांडणानेच सुरू होते. त्या सकाळी श्यामसुंदर स्टुलावर उभे राहून माळ्यावरचे डबे खाली देत होते आणि प्रत्येक डब्यागणिक मला विचारत होते, की हा गेल्या वर्षात एकदा तरी उघडला होता का. बँकेतून निवृत्त झालेला नवरा घरात असला की डब्यांचंही ऑडिट होतं. गॅसवर दूध होतं, माझ्या हातात चकलीचा सोऱ्या आणि चिंधी होती, आणि दारावर टकटक झाली.

आमच्याकडे बेल आहे, आणि चांगली कर्कश आहे. ती सोडून दार वाजवणाऱ्या माणसाला शेजारी आवाज जायला नको असतो. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधली नम्रता. केस ओले, ओढणी उलटी घेतलेली, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली.

"काकू, आई आंघोळीला गेल्यात," ती म्हणाली. "मला जरा बसू द्या."

तिला स्वयंपाकघरात नेलं. श्यामसुंदरांनी स्टुलावरून वाकून पाहिलं, तेव्हा त्यांना मी खुणेनेच तिथेच थांबायला सांगितलं. ते खरोखरच तिथेच थांबले, हातात पिठाचा रिकामा डबा घेऊन.

नम्रता आणि सुदर्शन आमच्यासमोर राहायला आले त्याला चारेक वर्षं झाली. तिचं माहेर अमरावतीचं, सासर वाशीमच्या पुढचं. सुदर्शन चाकणला कारखान्यात, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ही गणितात एम.एस्सी. झालेली, आणि इथेच कोथरूडात एका क्लासमध्ये नववी-दहावीला शिकवते. आमच्या सोसायटीतली मुलं तिला घाबरतात, कारण उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की ती अर्धे मार्क कापते.

घरात मात्र ती अगदी उलट. घरात कुणाचं मन मोडायचं नाही, हे तिचं व्रत. कुणी दुखावेल असं वाटलं की ती एक छोटीशी, निरुपद्रवी थाप मारून मोकळी होते. मी वर्षभर तिला कारल्याची भाजी देत होते. दर वेळी डबा घासूनपुसून परत यायचा आणि "छान झाली होती हो काकू" असा निरोप यायचा. एकदा जिन्यात सुदर्शन सहज बोलून गेला, की त्यांच्या घरात कारलं कुणीच खात नाही. मी फक्त भाजी बदलली. तिलाही कळलं असणार, कारण पुढच्या डब्याबरोबर लिंबाचं लोणचं आलं.

तिला दिवस गेल्याचं दसऱ्यानंतर कळलं. लग्नानंतर बरीच वाट पाहिली होती, त्यामुळे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही हा नियम तिच्या सासूबाईंनीच पहिल्यांदा मोडला. सुशीलाबाई मुगवड्यांची पिशवी घेऊन गावाहून आल्या, आणि सामान घरात ठेवायच्या आधी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "महालक्ष्मी पावली बाई आमाले."

आमच्या पुण्यात ज्या गौरी, त्या त्यांच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची दोन बाळं. सोवळं कडक, स्वयंपाक सोळा भाज्यांचा, आणि जेवणाच्या दिवशी गावातल्या सवाष्णी पंगतीला. दर भाद्रपदात नम्रता क्लासमधून रजा घेऊन गावी जायची आणि परत आली की दोन दिवस नुसती झोपायची. यंदाही तशीच गेली होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिला डाग दिसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तिघे डॉक्टर नीरजांकडे गेले. सोनोग्राफी झाली आणि संध्याकाळी सुशीलाबाई माझ्याकडे येऊन डोळ्याला पदर लावून बसल्या. "पिशवी हाये म्हणते, पण ठोके नाही." पाळीच्या तारखेवरून साडेसात आठवडे व्हायला हवे होते. तेवढ्यात ठोके दिसायलाच पाहिजेत. डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, की तारीख नक्की ना, आणि दोन्ही वेळा सुशीलाबाईंनीच उत्तर दिलं होतं. गोकुळाष्टमी. त्या दिवशी सुनेने फोनवर स्वतः सांगितलं होतं, त्यांना पक्कं आठवत होतं. डॉक्टर म्हणाल्या, दहा दिवस थांबून पुन्हा पाहता येईल, पण तारीख इतकी पक्की असेल तर फार आशा धरू नका. थांबणं सोसत नसेल तर गोळ्या घेऊन मोकळं होता येतं.

घरात ठरलं की मोकळं व्हायचं. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. सुशीलाबाईंचं परतीचं तिकीट तीन दिवसांवर आलेलं, गावी सासरे रंगराव एकटे, दिवाळी तोंडावर. त्या म्हणाल्या, "मी हाये तवरच होऊ दे. मी गेल्यावर पोरीचं कोण करन?" सुदर्शनला काही सुचतच नव्हतं, त्याने मान हलवली. डॉक्टरांना फोन करून झाला, गोळ्या आल्या. आज न्याहारी झाली की घ्यायच्या होत्या.

तेव्हा त्या मुठीत काय आहे हे मला विचारावं लागलं नाही.

मी गॅस बंद केला. ती ओट्याला टेकून उभीच राहिली. मग खाली बघत म्हणाली, "काकू, मी डॉक्टरांना तारीख खोटी सांगितली. म्हणजे आईंनी सांगितली ती मी खोडली नाही."

मग तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याआधी समोरच्या दाराकडे कान लावून. महालक्ष्म्यांच्या आधी महिनाभर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, तुझी तारीख कधी येते. नेमकी सणात येत होती. मग पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घे म्हणाल्या. त्यात नवीन काही नाही, सणवाराच्या तोंडावर अशा गोळ्या कितीतरी घरांत येतात, कोथरूडातही येतात. पण त्या गोळ्यांनी नम्रताला मागे एकदा भयंकर उलट्या झाल्या होत्या, आणि यंदा मूल हवं असताना तिला त्या नको होत्या. नाही म्हटलं असतं तर त्या दुखावल्या असत्या. म्हणून गोकुळाष्टमीला फोन आला तेव्हा ती सांगून बसली, की आई, यंदा लवकरच आली, आजच आली, आता सणात काही अडचण नाही. फोनवर पलीकडे त्या इतक्या खूश झाल्या, की हिला वाटलं, झालं, सगळ्यांचंच भलं झालं.

"आणि खरी कधी आली?"

"जेवणाच्या दिवशी. पुरण शिजत होतं तेव्हाच."

घरात सवाष्णी आलेल्या, सासूबाई पहाटेपासून उपाशी, दुसरी सून नाही. ती आतल्या खोलीत जाऊन आली आणि पुन्हा पुरण घोटायला बसली. नैवेद्य तिने दाखवला. ओटी तिने भरली. संध्याकाळी बाळांना काजळ लावायचं असतं, तेही तिच्याच हाताने झालं. कुणालाही काही कळलं नाही.

अष्टमी ते अष्टमी, मधे बरोबर एक पंधरवडा. म्हणजे सोनोग्राफी झाली तेव्हा साडेसात आठवडे नव्हतेच, साडेपाच होते.

"साडेपाचला ठोके नाही दिसत," ती म्हणाली. "बहुतेक वेळा नाहीच दिसत. मी वाचलंय सगळं. गेल्या दोन दिवसांत मी दुसरं काही केलेलं नाही, काकू."

मला क्षणभर तिचा राग आला. एवढं सगळं कळतंय, वर्गात दुसऱ्यांचे मार्क कापते, आणि ही गोळी मुठीत घेऊन शेजाऱ्यांकडे येते. मी म्हटलं, "मग इथे काय करतेस? डॉक्टरांना फोन लाव."

तिने मूठ उघडली. गोळ्यांचं पाकीट घामाने ओलं झालं होतं.

"डाग लागले तेव्हा आईंनी पहिल्यांदा काय विचारलं माहितीये? सोवळ्यात काही चुकलं का आपलं? मी नाही म्हटलं." तिने पाकिटावरचा घाम ओढणीला पुसला. "मी तशी शिवले ना महालक्ष्म्यांना. म्हणूनच हे झालं असलं तर? मग गोळी घेतली काय, नाही घेतली काय."

तेव्हा मला कळलं की ती माझ्याकडे माहिती विचारायला आलेली नाही. हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येत होता. तिने मनात शिक्षा लावून घेतली होती आणि ती भोगायला सकाळी उठून आंघोळ करून तयार झाली होती.

अशा वेळी गोड बोलणं मला जमत नाही. मी विचारलं, "तुमच्या महालक्ष्म्यांशेजारी दोन बाळं मांडता ना?"

"हो."

"ती काय कुंभाराने आणून दिली? त्यांच्या आयांना पाळी येत होती म्हणूनच झाली ना ती? त्या दोघींना जे माहीत आहे त्याचा त्यांना कसला विटाळ?"

ती हसली नाही. पण पाकीट ओट्यावर ठेवलं. माळ्याजवळून श्यामसुंदर हळूच म्हणाले, "मी उतरू का आता?"

सुदर्शनला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, आईला सांगून टाकेल, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. आता तो कामावर होता आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, अकराला या. मी नम्रताला म्हटलं, मी येते बरोबर. तेवढ्यात उघड्या दारातून सुशीलाबाईच आत आल्या, हातात शिऱ्याची ताटली आणि पाण्याचा ग्लास.

"इथी बसून राहिली का तू? शिरा थंडा होऊन राहिला न." त्यांनी ताटली ओट्यावर ठेवली आणि शेजारी पडलेलं पाकीट पाहिलं. "घेतली नाही अजून?"

मी म्हटलं, घ्यायच्या आधी डॉक्टरांना एक विचारायचं राहिलंय, आम्ही दोघी जाऊन येतो.

"कालच त फोन झाला. आता काय राहिलं?"

मी नम्रताकडे पाहिलं. तिने ताटलीकडे पाहिलं. भरपूर तुपातला, मऊ, आजाऱ्यासाठी करतात तसा शिरा होता. ती म्हणाली, "आहे एक."

सुशीलाबाईंनी सुनेकडे बराच वेळ निरखून पाहिलं. चार माणसांत राहिलेली बाई, तिला वास लागतो. त्यांनी पाकीट उचललं, स्वतःच्या बटव्यात टाकलं आणि म्हणाल्या, "मंग मी बी येते."

रिक्षा श्यामसुंदरांनी आणली. कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा नम्रताचे ओठ हलताना मला दिसले. पाठ करत होती की जप करत होती, कोण जाणे. मला वाटत होतं की ही आत जाऊन पुन्हा काहीतरी गोडसं सांगेल. डॉक्टर, अजून थोडं थांबूया का, असं. मग सासूबाई का म्हणून विचारतील, आणि हिच्याकडे उत्तर नसेल, आणि संध्याकाळपर्यंत त्या गोळ्या पोटात गेलेल्या असतील. सांगायचं तर मीही सांगू शकत होते. दोनदा तोंडावर आलं. पण तिच्या अंगातली गोष्ट मी सांगितली तर ती पुन्हा दुसऱ्या कुणीतरी दिलेली तारीख झाली असती.

दवाखान्यात दिवाळीच्या आधीची गर्दी होती. आमचा नंबर आला तशा सुशीलाबाई सवयीने आधी उठल्या आणि आत जाऊन डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. नम्रता शेजारच्या खुर्चीवर. मी फाइल धरून मागे उभी.

डॉक्टर नीरजा पन्नाशीच्या, सदाशिव पेठी वळणाच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी फाइल उघडली. "घेतल्या गोळ्या?"

"नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "तिले काही विचारायचं हाये म्हणते."

"विचारा."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पेन उचललं. मला वाटलं, संपलं.

"तारीख चुकीची आहे," नम्रता म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टर पुढे झुकल्या. "गोकुळाष्टमी नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आली होती."

सुशीलाबाईंनी मान वळवली नाही. समोर भिंतीकडे बघत राहिल्या. फक्त बटव्याची नाडी त्यांच्या बोटाला गुंडाळली जात होती आणि सुटत होती.

डॉक्टरांनी फाइलमधले सोनोग्राफीचे फोटो पुन्हा काढून पाहिले. मग विचारलं की याआधीच्या पाळ्या नियमित होत्या का, घरी चाचणी कधी केली, तेव्हा रेघ पुसट होती की ठळक. नम्रताने प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, एकही पायरी न गाळता.

"मग हे चित्र या तारखेला शोभेसं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी शब्द देत नाही. डाग लागलेत, पुढे काहीही होऊ शकतं. पहिल्या सोनोग्राफीपासून दहा दिवसांनी, म्हणजे वसुबारसेला, पुन्हा पाहू. गोळ्या द्या इकडे."

सुशीलाबाईंनी बटवा उघडून पाकीट टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते खणात टाकलं.

"सगळं नीट झालं तर पुढे बाराव्या आठवड्यात बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी, रक्ताची तपासणी. ती सगळी याच तारखेवरून बेतायची. तेव्हा देवाला सांगायची तारीख तुमची तुम्ही ठरवा. मला खरी लागते." एवढं बोलून त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट.

परतीच्या रिक्षात सुशीलाबाई मधे बसल्या आणि सुनेच्या अंगाला अंग लागणार नाही एवढं अंग चोरून बसल्या. जिना चढताना मात्र नम्रता थबकली तशा त्याही थबकल्या, मागे न बघता. दार उघडून सरळ आत गेल्या.

फाइल माझ्याकडेच राहिली होती. ती द्यायला मी गेले तेव्हा त्यांनी पलंगावर बॅग उघडून साड्या भरायला घेतल्या होत्या. नम्रता दारात उभी. मी फाइल टेबलावर ठेवली आणि निघणार, तर सुशीलाबाई माझ्याशी बोलायला लागल्या. सुनेला ऐकू जाईल असं, पण सुनेशी नाही.

"मी वाईट हाओ का बाई? मले सांगितलं असतं त मी काय तिले घराबाहेर काढली असती? बाजूले बस म्हटलं असतं, पुरण मी घोटलं असतं. इतक्या बाया जेवल्या, त्याहीचं मी पाहून घेतलं असतं. देवीचं बी पाहून घेतलं असतं."

साडीची घडी मोडली. त्यांनी ती पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"आज सकाळी पाण्याचा गिलास घेऊन कोण आली होती? मीच न? माह्या हातानं देत होती मी थे गोळी. शिरा करून देत होती." त्यांनी ती साडी तशीच बॅगेत कोंबली. "तिनं तोंड नसतं उघडलं, त काय झालं असतं माह्या हातून?"

मला वाटलं होतं की विटाळाचा राग असेल. तो होताच, तो लगेच जाणाराही नव्हता. पण साडीची घडी पुन्हा पुन्हा मोडत होती ती दुसऱ्याच भीतीने, आणि त्या भीतीवर माझ्याकडे काही औषध नव्हतं. मी नुसतं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण साड्या भरणंही थांबवलं नाही. तिकीट बदलता येतं का पाहते, म्हणाल्या, आजचं मिळालं तर आजच. सुदर्शनला तिकडून फोन करीन.

बॅगेची चेन अर्ध्यावर अडकली. त्या ती ओढत राहिल्या.

नम्रता दारातून आत आली. सासूबाईंच्या अगदी जवळ नाही, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं ते समजूत घालणारं हसू शोधूनही सापडलं नाही. तिने माफी मागितली नाही, डॉक्टर काय म्हणाल्या तेही पुन्हा सांगितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "वसुबारसेला सोनोग्राफी आहे. तोवर थांबा."